माहेरचा अल्बम

काम तसं साधंच होतं. धाकट्या बहिणीला लग्नात द्यायला घरच्या फोटोंचा अल्बम करायचा. नळदुर्गच्या घरात भर दुपारी निवेदिता जाड काळे कागद, कात्री आणि फेविकॉल घेऊन बसली होती. आईला जाऊन तीन महिने झाले होते. वर्षाच्या आत कार्य झालं नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून वैदेहीचं लग्न भूम गावच्या एका घरात घाईघाईनं ठरवलं होतं.

वडील, वसंतराव, मागं येऊन उभे राहिले.

"गेलेल्या माणसाचा फोटो लग्नाच्या आहेरात देत नसतात."

"बाबा, आईशिवाय माहेर कसलं?"

"तुझी भाषणं कॉलेजात ठेव. पोरीला तिथं नांदायचंय."

एरवी ती कडाकडा भांडली असती. त्या दिवशी तिच्यात भांडणच उरलं नव्हतं. तिनं दहा फोटोंतून आई कापून काढली. प्रत्येक फोटोत आईचा हात वैदेहीच्या खांद्यावर होता. तो बोटाबोटानं सोडवावा लागला. रडू आलं नाही. बोटांवर फेविकॉल वाळत होता, तेवढंच कळत होतं. कापलेले तुकडे तिनं पाकिटात घालून कपाटात ठेवले.

लग्न पार पडलं. आठव्या दिवशी दुपारी वैदेहीचा फोन आला.

"ताई, आज निवांत अल्बम उघडला. आईला ठेवलंस, लई बरं वाटलं."

निवेदिताची नजर कपाटाकडं गेली.

"पण मला का कापलंस गं?"

"काय...?"

"सगळीकडं आई एकटीच. शेजारी माझ्याएवढं भोक. ही काय चेष्टा?"

निवेदितानं पाकीट पलंगावर उलटं केलं. दहा वैदेही बाहेर पडल्या. परकरातली, गणवेशातली, दोन वेण्यांची. एकीच्याही खांद्यावर हात नव्हता.

"वैदू, तो अल्बम मिटव... आधी मिटव."

"थांब, सासूबाई हाक मारतायत. माहेरून न्यायला आलेत म्हणे. बाबांना पाठवलंस व्हय? आधी सांगायचं तरी!"

वसंतराव समोरच खुर्चीत पेपर वाचत होते.

"दारात जाऊ नकोस... वैदू!"

फोन तिकडं तसाच ठेवला गेला होता. पैंजणं दूर गेली. कडी वाजली. मग लांबून वैदेहीचा आवाज आला, लहानपणी शाळा सुटल्यावर यायचा तसा.

"अगं, एवढ्या उन्हात कशाला आलीस?"