तिसरं कडवं

रोलंड हेब्डन त्या दिवशी एक अडलेलं गाणं संपवायला आला होता, एवढंच. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या एका गावात जुनं प्रार्थनाघर होतं, त्याचा कुणीतरी स्टुडिओ केला होता. कितीही शेगडी पेटवा, भिंतींचा ओलसर वास जात नसे. नोव्हेंबरातली दुपार होती. समुद्रावरून धुकं असं चढून आलं होतं, की खिडक्यांना कुणी बाहेरून दूध फासलंय असं वाटावं.

पंधरा वर्षं रेडिओवर त्याची गाणी वाजत होती. तो लिहायचा, चाल लावायचा, नवे गळे शोधून त्यांच्या रेकॉर्डी काढायचा. आणि प्रत्येक गाण्यात मागचा दुसरा आवाज त्याच्या बायकोचा, नेरिसचा असायचा. मागच्या हिवाळ्यात नेरिस गेली. तेव्हापासून त्याला नवं काही सुचेना. हेही गाणं दोन कडव्यांवर येऊन थांबलं होतं.

"तिसरं नंतर बघू," तो मोइराला म्हणाला. "तू आज दोनच गा."

मोइरा मासळीबाजारात काम करणारी, विशीतली, बिनधास्त पोरगी. ती माइकपुढे उभी राहिली. काचेच्या अलीकडे रोलंडचा जुना मित्र एडविन यंत्रावर बसला होता. दोन कडवी झाली, पण मोइरा थांबली नाही.

*भरतीच्या वेळी दार उघडं ठेव,*
*ओल्या पायांनी येईन मी...*

रोलंडने चहाचा कप बाजूला ठेवला. या ओळी त्याने लिहिल्याच नव्हत्या.

"हे कुठून आणलंस?"

"अहो, तुम्हीच तर हेडफोनमध्ये लावलंत! ती बाई पुढे पुढे गात होती, मी आपली तिच्या मागून..." मोइराचं हसू विरलं. "कुणी नव्हतं का?"

एडविनने टेप मागे नेली. मोइराच्या आवाजाखाली दुसरा आवाज होता. किंचित घोगरा, ओळीच्या टोकाला श्वास सोडणारा. दोघांनीही तो ओळखला.

"पुसून टाकू, रोली. जुन्या टेपवरचं काहीतरी राहिलं असेल..."

"टेप कोरी होती. सकाळी तूच पाकीट फोडलंस."

रोलंड उठला. "यंत्र चालू ठेव," म्हणाला, आणि मोइराला बाहेर एडविनपाशी पाठवून स्वतः माइकपुढे गेला.

हेडफोन कानाला लावताच आतली शांतता वेगळीच वाटली, खोल पाण्यासारखी. मग ओल्या लोकरीचा वास आला. नेरिस पावसातून घरी आली की यायचा, तोच. त्याला भीती वाटली नाही. झोपेत आपल्याच घरी पोचावं, तसं वाटलं.

"नेरिस?"

"पुढचं सांगते..." कानाशी कुजबुज झाली. "पण एकटीला नाही रे जमत. रोली... आवाज दे."

"घे," तो म्हणाला, आणि गायला लागला. शब्द तिच्याकडून येत होते, सूर त्याचा. काचेपलीकडून एडविनला दिसलं, की रोलंड डोळे मिटून गातोय, आणि गाता गाता माइकपासून जरा बाजूला सरकलाय. शेजारी कुणाला तरी जागा करून द्यावी, तसा.

तो बाहेर आला तेव्हा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. एडविनने टेप लावली. तिसरं कडवं पुरं झालं होतं. दोन आवाज एकमेकांत इतके मिसळलेले, की मोइराला रडू फुटलं.

"बापरे... ही तुमची मिसेस? किती गोड..."

रोलंड काहीतरी म्हणाला.

"काय?"

त्याने पुन्हा सांगितलं. गळ्यावर हात ठेवून, जीव खाऊन सांगितलं.

"मोठ्यानं बोला ना," मोइरा मागे सरली. "नुसते ओठ हलताहेत तुमचे."

एडविनचं तिकडे लक्ष नव्हतं. तो यंत्राकडे बघत होता. टेप संपून रिळं थांबली होती. स्पीकरमधून मात्र रोलंड आणि नेरिस, दोघं अजून हळू आवाजात बोलत होती.