वंशावळीवरची पांढरी पट्टी

आई गेली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्या फोनवर निरोप आला.

‘तुमचा जवळचा नातेवाईक सापडला आहे. समान डीएनए : पंचवीस टक्के.’

खाली मामेभावाचं नाव होतं.

लेकीने निरोप तीनदा वाचला. प्रुफं तपासणं हे तिचं काम. चूक दिसली की बोटं आपोआप लाल पेन शोधत. पण ही चूक नव्हती, अशक्य गोष्ट होती.

वर्षापूर्वी मामाने घराण्याचा इतिहास लिहायला घेतला आणि हौसेने स्वतःची व आईची लाळ डीएनए तपासणीला पाठवली. निकाल आला : दोघांत काडीचंही नातं नाही. आजी-आजोबा कधीच वारलेले, विचारणार कुणाला? मामा घराण्याचा वारस, तेव्हा आईलाच कुठून तरी उचलून आणलं असणार, असं ठरून गेलं. मामाच्या दिवाणखान्यातल्या वंशावळीवर आईच्या नावावर कागदाची पांढरी पट्टी चिकटली. आई त्या घराची पायरी पुन्हा चढली नाही. शेवटच्या आजारात ती एवढंच विचारायची, “मी कुणाची गं?”

लेकीला आता त्याचं उत्तर हवं होतं. आणि उत्तर देणारं माणूसही.

तिने मामेभावाला, म्हणजे दादाला, फोन करून त्याचा निकाल मागवून घेतला. सात पानं. आईच्या निकालाची मात्र सहाच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मामाकडे गेली.

“ये, भिंग!” मामा म्हणाला. हे नाव त्याने ती शाळेत असताना पाडलं होतं. “माझ्या पुस्तकातल्या चुका काढायला आलीस?”

“एकच चूक. दादाला तपासणी करायला तू सांगितलंस?”

“मीच मागे लागलो. तुझी मामी नकोच म्हणत होती. कशाला त्याला त्रास, म्हणे. तो राहतो तिकडूनच त्याने परस्पर पाठवली. माझे-त्याचे पन्नास टक्के जुळले. बापलेक, शिक्कामोर्तब!”

चहाचा कप ठेवता ठेवता मामीचा हात थांबला.

“मामा, तुझा निकाल बघू.”

मामाने फाइल दिली. लेकीने पानं मोजली. सहा.

“लाळ कधी दिली होतीस?”

“दुपारी. औषधांनी तोंडाला ही कोरड! नळी काही रेघेपर्यंत भरेना. तशीच उघडी ठेवून आडवा झालो.”

“मग?”

“उठलो तर नळी डबीत बंद. ही म्हणाली, पुरेशी होती की.”

“टपालात कुणी टाकली?”

“हिनेच. का गं?”

लेकीने तिन्ही निकाल टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

“दादा आईचा सख्खा भाचा आहे. पंचवीस टक्के, हे बघ. मग त्याच्या बापाचं आणि आईचं नातं नाही, असं कसं होईल?”

“म्हणजे तो माझा...” मामाचा आवाज फाटला.

“तुझाच आहे. म्हणून तर तो आईशी जुळतो. खोटी आहे ती तुझी नळी. तिच्यातली लाळ दादाच्या आईबापांपैकी एकाची, आणि ते माणूस आईच्या रक्ताचं नाही. बाप वगळला तर उरतं कोण?”

तिने दादाच्या निकालाचं शेवटचं पान पुढे सरकवलं.

“सातवं पान पितृवंशाचं. बापाकडून मुलाकडे जाणारा धागा फक्त पुरुषात असतो, म्हणून ते पान पुरुषालाच मिळतं. दादाला आहे, आईला नाही. मामा, तुलाही नाही.”

मामा बायकोकडे बघत राहिला.

“तुमची नळी भरेना म्हणून केली हो मदत,” मामी म्हणाली.

“मदत असती तर निकालाच्या दिवशी बोलली असतीस. आधीची लाळ धुऊन टाकलीस, मामी. राहिली असती तर अहवालात दोन माणसं सापडली असती.”

मामी खुर्चीत बसली. पदराशी चाळा करणारी तिची बोटं थांबली.

“तीस वर्षं. ह्याच टेबलावर, पाहुण्यांसमोर, तुझी आई मला ‘बाहेरची’ म्हणायची. हसत हसत. ह्यांनी एकदा तरी तिला गप्प केलं का? म्हटलं, तिलाही कळू दे कसं वाटतं ते.”

“आईची जीभ मला ठाऊक आहे. ती तसं म्हणाली असेल,” लेक शांतपणे म्हणाली. “पण तेव्हा तुला तुझं माहेर होतं. तू तिचं तेच काढून घेतलंस.”

“मी सांगणारच होते गं. तेवढ्यात ती... मला माफ कर.”

“माफ करायचा हक्क तिचा होता.”

लेक टेबलावरचा पाण्याचा पेला घेऊन वंशावळीपाशी गेली. बोट पाण्यात बुडवून तिने पट्टीची कड ओली केली, नखाने अलगद सोडवली. खाली आईचं नाव होतं, मामाच्याच अक्षरात, आजोबांच्या नावाशी रेघेने जोडलेलं. तिने त्यावरून एकदा बोट फिरवलं.

मग पट्टी मामीच्या नावावर ठेवली. ती चिकटेना.

मामाने टेबलावरची डिंकाची बाटली लेकीकडे सरकवली.