मागचा डावा कोपरा

माझ्याबाबतीत घडलं नसतं, तर मीही हसलो असतो. पण हे खरं आहे. रात्री नाही... रविवारी, भर दुपारी, आमच्या गॅरेजमागच्या सरळ रस्त्यावर.

दादा आणि मी जुन्या राजेशाही गाड्या दुरुस्त करतो. त्या दिवशी एक बाई सासऱ्यांची लांबलचक गाडी घेऊन आल्या. मागे डावीकडे खडखड.

"उद्या नातीला घेऊन घाट उतरायचाय. तुम्ही हो म्हणालात तरच नेईन."

दादाची रीत ठरलेली. स्वतः मागच्या सीटवर आडवं व्हायचं, काठीचं एक टोक तळाला, दुसरं कानाला. चालवायचं मी. तळावर एक ठोका म्हणजे हळू. दोन म्हणजे थांब.

दादा मागे असला की गाडी गप्प. उतरला की खडखड.

"तुझ्या वजनाला घाबरते," मी म्हणालो.

"तुझी वहिनी सोडून सगळेच घाबरतात!"

खरं तर साधी गोष्ट. मागे भार पडला की स्प्रिंगचे पाटे दबतात, त्यांना धरणारी झिजलेली कडी बोलायची थांबते.

"मी टोकाच्या वळणावर उभा राहून ऐकतो," दादा उतरत म्हणाला. "तू लांबून रिकामी आण."

मी निघालो. पहिला खड्डा...

आवाज नाही.

दुसरा खड्डा. गाडी पाळण्यासारखी झुलली. नुसती झुलली.

दादा गुपचूप परत चढला की काय? आरशात पाहिलं. सीट रिकामी.

आणि मागून...

ठक. ठक.

सवयीने पाय ब्रेकवर गेला.

दादा समोर होता. दूर वळणावर. दोन्ही हात खिशात.

तो धावत आला. "का थांबलास?"

मी मागच्या सीटकडे बोट दाखवलं. तो मागे जाऊन वाकला. डावीकडचे पाटे दबलेले होते, कुणी बसल्यासारखे.

मग आमच्या देखत... ते हळूहळू वर आले.

दार उघडलं नव्हतं.

आम्ही कडी बदलली. खडखड गेली. सकाळी बाई खूश झाल्या.

"नेऊ नका," दादा म्हणाला.

"अहो, आता आवाज तर गेला ना?"

"म्हणूनच."

आमच्या कडीने गेला, की भाराने? ते त्याला सांगता येईना. बाईंना वाटलं, चेष्टा करतोय.

नात पुढे बसली. मागे कुणीच नाही. गाडी रस्त्याला लागली... मुकी.

मागचा डावा कोपरा खाली होता, असं दादा म्हणतो.

मी म्हणतो, रस्त्यालाच उतार आहे.

रोज सकाळी मी तो रस्ता बघतो. सपाट आहे.

बाईंना फोन लावायचं धाडस दोघांनाही होत नाही.