शेपूट कापलेले मासे

"बंदूकवाला सोमवारी येणार आणि आज शनिवार," रस्टी बोटं मोजत म्हणाला. "म्हणजे आपल्या हातात जेमतेम दीड दिवस. त्यातही उद्या टर्कीचं जेवण."

"तुला अस्वलीण वाचवायचीय की टर्की खायचीय?" कॅसीने विचारलं.

"दोन्ही. पोट भरलं की माझं डोकं चालतं."

व्हर्नाला हसू आलं नाही. कानतुटी अस्वलीण ती लहानपणापासून बघत आली होती. यंदा तिच्याबरोबर दोन पिल्लं होती, आणि तीन दिवस झाले, ती पिल्लांना घेऊन गावाच्या कचराखड्ड्यावर येत होती. खड्डा शाळेपासून हाकेच्या अंतरावर. कचऱ्याची चटक लागलेलं अस्वल पुढे घरात शिरतं, म्हणून वन्यजीव अधिकाऱ्याला बोलावलं होतं. तो सोमवारच्या बोटीने येऊन आईला गोळी घालणार होता. पिल्लांचं काय, हे कोणीच बोलत नव्हतं.

"ऑक्टोबर महिना, ओढा सॅमन माशांनी तुडुंब," रस्टी म्हणाला. "समोर पंगत वाढलेली असताना ही बया उकिरड्यावर कशाला तडमडते?"

तिघं रबरी बूट चढवून ओढ्यावर गेली. कॅसी ही व्हर्नाची मावसबहीण, थँक्सगिव्हिंगच्या सणाला व्हँकूव्हरहून आलेली. तिने बेधडक पाण्यात पाय घातला, तसा रस्टी खेकसला, "बाहेर! खडीखाली अंडी आहेत. एका पावलात हजार पोरं मारशील."

ओढ्यात माद्या शेपट्या आपटून खडी उकरत होत्या आणि वाकड्या जबड्यांचे नर एकमेकांना ढुशा देत होते.

"आज वास येत नाहीये," कॅसी म्हणाली.

व्हर्ना थबकली. खरंच की. अंडी घातली की आठवड्याभरात सॅमन मरतात. एव्हाना काठावर मेलेल्या माशांचा खच पडायला हवा होता. दिसले ते मोजून तेवीस. आणि त्या तेवीसही माशांना शेपूट होतं.

हेझल मावशी दर दोन दिवसांनी ओढ्याकाठी फिरून मेलेले मासे मोजायची. मोजलेल्या माशाचं शेपूट कापून ठेवायची, म्हणजे तोच मासा पुन्हा मोजला जायचा नाही.

"शेपूट कापलेला एकही नाही," व्हर्ना म्हणाली. "कोणीतरी फक्त मोजलेले मासे उचलतंय."

"म्हणून मावशीला पत्ता नाही! तिची मोजणी बरोबरच येते," रस्टी म्हणाला. "हे लॉजवाल्या मर्व्हिनचं काम. पाहुण्यांना वास नको म्हणून."

मर्व्हिनचं लॉज ओढ्याच्या मुखाशी होतं. तो धक्क्यावर दोरखंड गुंडाळत होता. रस्टीने आडवळण न घेता विचारलं, "आमचे मेलेले मासे तुम्ही चोरता ना?"

मर्व्हिनने दोरखंड खाली ठेवला. "सात वर्षं राहतोय मी इथे, तरी अजून परकाच," एवढंच बोलून त्याने पाठ फिरवली.

संध्याकाळी मावशी मोजून गेल्यावर युक्ती लढवली कॅसीने. शेपूट कापलेल्यांपैकी सतरा माशांच्या कल्ल्यांत तिघांनी नारिंगी फीत बांधली आणि आत खोचून टाकली. "आता चोर सापडतोच," असं म्हणून रस्टीने हात पँटला पुसले.

रविवारी सकाळी सतराही मासे गायब होते. रस्टी आणि कॅसी धावली लॉजकडे. व्हर्ना लाइल मामाच्या मासे गोठवायच्या शेडवरून चालली होती. मामाच्या ट्रॉलीच्या चाकात नारिंगी फीत अडकली होती.

तिला एकदम बुधवार आठवला. बोटीतून उतरताच कॅसीने नाक दाबलं होतं, आणि व्हर्नाला आपल्याच गावाची लाज वाटली होती. जेवताना सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, "मामा, ओढ्याचं काहीतरी कर ना. बाहेरचं माणूस आलं की मान खाली जाते." मामा तिचं कुठलंच म्हणणं खाली पडू द्यायचा नाही.

तिने फीत उपसली आणि खिशात कोंबली. कोणी बघत तर नाही ना, हेही पाहिलं. दुपारभर रस्टी मर्व्हिनच्या खिडकीखाली दबा धरून बसला होता आणि तिने त्याला बसू दिलं.

संध्याकाळी गावाच्या सभागृहात टर्कीचं जेवण झालं. मामा मोरीत ताटं विसळत होता तिथे जाऊन तिने फीत त्याच्यासमोर धरली.

मामाने हात पुसले. "मला वाटलं, शेपूट कापलं म्हणजे त्या माशाचं काम संपलं. पहाटे ट्रॉली भरून खड्ड्यात टाकत होतो. वर माती लोटायचो गं."

"मामा, कानतुटी माती उकरते."

मामाने तिच्या हातातून फीत घेतली. मग म्हणाला, "तू बोललीस, पण फावडं मी चालवलं. तुझं नाव मध्ये आणायचं नाही. गप्प राहायचं."

आणि व्हर्ना गप्प राहिली. मामाने सभागृहात सगळ्यांसमोर कबुली दिली, तेव्हा ती खुर्चीत अंग चोरून बसली होती.

"अरे, शेपूट मी माझ्या मोजणीसाठी कापते," हेझल मावशी भावावर कडाडली. "ओढ्याचं जेवण त्यानंतर सुरू होतं! कुजलेल्या माशावर किडे पोसतात, किड्यांवर माशांची पिल्लं. अस्वलं मासे जंगलात ओढतात म्हणून काठची झाडं एवढी वाढतात. तू सगळ्यांच्या पुढ्यातलं ताट उचललंस, आणि ती बिचारी ताटामागे आली."

सोमवारी उजाडताच अख्खं गाव कामाला लागलं. भोंगे वाजवून कानतुटीला रानात पिटाळलं. खड्ड्यातले मासे पाट्यांत भरून काठाकाठाने पसरले. घाण अशी की डोळ्यांतून पाणी यावं. कॅसी दोन्ही हातांनी मासे उचलत होती. आणि मर्व्हिनही आला होता. कोणी बोलावलं नसताना पाटीचं दुसरं टोक धरून तो व्हर्नाबरोबर चार खेपा चालला. तिला त्याच्याकडे मान वर करून बघवेना.

अधिकारी दहाच्या बोटीने उतरला. तोवर वरच्या वळणावर कानतुटी येऊन बसली होती. तिने एक मासा पंजाखाली दाबला होता आणि पिल्लं दुसऱ्यावरून भांडत होती. त्याने बराच वेळ दुर्बीण लावून पाहिलं.

"खड्ड्याला कुंपण घाला. ती परत तिकडे फिरकली नाही, तर माझं इथे काम नाही," तो म्हणाला. "हे शोधून काढलं कोणी?"

"या तिघांनी," मावशीने व्हर्नाच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि फीत सापडली ती हिला. शाबास, पोरी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामासुद्धा वाजवत होता. व्हर्नाचे कान तापले. ही शाबासकी कालपासूनच्या सगळ्यापेक्षा जड झाली.

"मी शोधून नाही काढलं," ती म्हणाली. मग मोठ्याने पुन्हा म्हणाली. "मामाला मीच सांगितलं होतं. मला ओढ्याच्या वासाची लाज वाटली. फीत सापडली तर ती मी लपवली, आणि मर्व्हिनकाकांवर आळ तसाच राहू दिला. काल मामा एकटा उभा राहिला तेव्हाही मी बसून राहिले."

टाळ्या थांबल्या. रस्टी आ वासून बघत होता. मामाने नकारार्थी मान हलवली, पण उशीर झाला होता.

मावशीने खांद्यावरचा हात काढला. "मग मघाची शाबासकी मी परत घेते."

व्हर्नाने मान हलवली. बरोबरच होतं ते.

मर्व्हिनने तिच्यासमोर पाटी ठेवली आणि आपलं टोक धरून उभा राहिला. अजून खूप मासे न्यायचे होते. व्हर्नाने डोळे पुसले, वाकून दुसरं टोक उचललं आणि दोघं चालू लागली.

वीस पावलं गेली असतील. पाठीमागून मावशी मोठ्याने म्हणाली, "व्हर्ना! शाबास."