आधी पुस्तक, मग नाणं

दुकानात शिडीवर उभं राहून पुस्तकं लावणाऱ्या माणसाला खालून अचानक हाक मारू नये, एवढं साधं शहाणपण उत्तरेकडच्या लोकांना कुणी शिकवत नाही वाटतं!

"माफ करा... सोन्याच्या नाण्यांवरची पुस्तकं कुठं ठेवलीत?"

लोरेना दचकली. हातातली पुस्तकं सटकली. दोन जमिनीवर पडली आणि तिसरं थेट त्या माणसाच्या टाळक्यावर.

"अगं बाई! लागलं का हो?"

"फारसं नाही." तो डोकं चोळत म्हणाला. "कुठलं होतं?"

"लोणच्यांचं."

"मग ठीक आहे. मला वाटलं बायबल. रविवारच्या दिवशी डोक्यात बायबल पडलं म्हणून सांगितलं असतं, तर आईनं मलाच पापी ठरवलं असतं."

लोरेनाला हसू फुटलं. कालपासून पहिल्यांदाच. ती शिडी उतरून खाली आली. उंच, किडकिडीत माणूस, बोली उत्तरेकडची, कोटावर भुरभुर पावसाचे थेंब, चष्म्यावर वाफ धरलेली. चष्मा काढून तो शर्टाच्या टोकाला पुसू लागला, तेव्हा त्याचे डोळे दिसले. करडे, झोप न झालेले... आणि फार प्रामाणिक. लोरेना उगीचच केस कानामागे सारू लागली.

"नाणं घेतलंत की घ्यायचंय?" तिनं विचारलं.

"का? त्यानं काय फरक पडतो?"

"पडतो तर! आमच्या या दक्षिणेकडच्या डलॉनिगा गावात म्हणतात, आधी पुस्तक घ्या, मग नाणं. उलटं करणारा शेवटी रडतो." ती कपाटाकडे वळली आणि एकेक पुस्तक त्याच्या हातावर ठेवू लागली. "हे जाडं घ्या. एका डॉलरपासून वीस डॉलरपर्यंत, अमेरिकेत सोन्याची जी जी नाणी पडली ती सगळी यात आहेत. काय काय असतं ते आधी कळायला हवं ना? हे दुसरं, नाणं किती झिजलंय ते ओळखायला. आणि हे तिसरं चोरांचं."

"चोरांचं?"

"बनावट नाण्यांचं हो. चोर काय काय करतात ते कळल्याशिवाय साव कसा ओळखणार?"

"आणि हे सगळं तुम्ही वाचलंय?"

"मला झोपवताना राजकन्येच्या गोष्टी कुणी सांगितल्याच नाहीत. आजोबा ठसे आणि टांकसाळी सांगायचे. मी दुसऱ्या पानाला घोरायची."

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती. देव पण कंजूष! मग त्यानं ती तिन्ही पुस्तकं हळूच टेबलावर ठेवली आणि अडखळत म्हणाला, "ही आहेत माझ्याकडं. मला चौथं हवंय... इथल्या टांकसाळीवरचं. तुमच्या गावच्या."

"ते? ते छापायचं बंद होऊन जमाना झाला. कशाला हवंय एवढं?"

"काल प्रदर्शनात मी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नाण्यावर मत दिलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला. मला वाटतं—मी चुकलो."

लोरेनाच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विझलं.

काल गावच्या सभागृहात नाण्यांचं प्रदर्शन होतं. तिचे आजोबा, ऑर्विल सॅटरफील्ड, चर्चला जायचा ठेवणीतला कोट घालून तिकडं गेले होते. खिशात आजीचं नाणं. पाच डॉलरचं, सोन्याचं, एका बाजूला मुकुटवाली बाई, दुसऱ्या बाजूला गरुड, आणि गरुडाखाली या गावच्या टांकसाळीचं इवलंसं अक्षर. आजीच्या, म्हणजे आयव्हीच्या, खापरपणजोबांनी इथल्याच ओढ्यातली वाळू चाळून सोनं काढलं, इथल्याच टांकसाळीत दिलं, आणि त्याचं हे नाणं होऊन हातात आलं, अशी त्या घराची कथा. आयव्हीनं लग्नाच्या दिवशी ते ऑर्विलच्या तळहातावर ठेवलं होतं. ती जाऊन दोन हिवाळे झाले होते आणि म्हातारा त्या नाण्याच्या आधारावर जगत होता म्हटलं तरी चालेल.

सभागृहात तज्ज्ञाचं टेबल होतं. म्हाताऱ्याला चारचौघांत जरा कौतुक ऐकायचं होतं, बाकी काही नाही. तज्ज्ञानं भिंग लावलं, नाणं दोनदा फिरवलं आणि सांगितलं, "साहेब, नाणं सोन्याचं आहे, पण हे फिलाडेल्फियाच्या मोठ्या टांकसाळीचं. खालचं अक्षर किंमत वाढवायला मागाहून कुणीतरी चिकटवलंय."

आजोबा घरी आले ते गप्प. आयव्हीच्या खुर्चीकडे पाठ करून बसले. रात्री जेवले नाहीत, आज चर्चलाही आले नाहीत.

"तो म्हातारा," ती एकेक शब्द चावत म्हणाली, "माझा आजोबा आहे."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग तो खाली वाकला, जमिनीवरची पुस्तकं उचलून त्यानं तिच्यापुढं धरली. "यातलं जास्त जड कुठलं? घाला डोक्यात."

"मस्करी सुचतेय तुम्हाला? त्या माणसानं कालपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाहीये! तुम्ही नाण्याला खोटं नाही म्हणालात, माझ्या आजीला खोटं म्हणालात!"

"माहीत आहे. म्हणून तर..." तो हातातल्या पुस्तकांकडं बघत म्हणाला. "त्यांचा चेहरा बघितला मी. काहीच बोलले नाहीत. 'थँक यू' म्हणाले आणि टोपी घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

लोरेनानं त्याच्या हातातली पुस्तकं ओढून घेतली आणि टेबलावर आपटली.

"मी फिलाडेल्फियाची नाणी बघत मोठा झालो," तो सांगू लागला. "गरुडाच्या मानेवरची पिसं सपाट दिसली की नाणं झिजलेलं, हेच डोक्यात. पण त्याची कड तर ताजी होती! मान झिजलेली आणि कड ताजी, म्हणजे काहीतरी गडबड, असं मी धरून चाललो. त्यात ते अक्षर तिरकं. झालं, दिला निकाल! मग संध्याकाळी दुसऱ्या एका टेबलावर याच टांकसाळीची नाणी बघितली... सगळ्या गरुडांच्या माना सपाट. सगळ्या!"

"अहो, इथलं यंत्रच दमलेलं होतं. ठसा उमटायचाच नाही नीट," लोरेना नकळत बोलून गेली. "इथली नाणी जन्मतःच सपाट मानेची. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

"मला नव्हतं. ते पुस्तक मिळालं तर अक्षराचंही कळेल. कळल्याशिवाय मी जात नाही. बस सुटली तर सुटू दे."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मनातून त्याला चांगलं झोडपून काढायचं होतं. पण चुकलो म्हणून पावसात दारोदार फिरणारा तज्ज्ञ तिनं आजवर पाहिला नव्हता. शिवाय ती खळी—छे, खळीचा इथं काय संबंध!

"पुस्तक आजोबांच्याच कपाटात आहे," ती म्हणाली. "चला. आणि हे बघा, त्यांनी बंदूक काढली तर मी मध्ये पडणार नाही."

"नाव तरी सांगा. मरताना कुणाला हाक मारू?"

"लोरेना. तुमचं?"

"एमेट. एमेट लिंडक्विस्ट."

"नावसुद्धा लांबलचकच," लोरेना म्हणाली आणि तिनं दुकानाला कुलूप घातलं.

टेकडीवरच्या रस्त्याला ओल्या पानांचा आणि चुलीतल्या लाकडांच्या धुराचा वास येत होता. तिच्याकडं छत्री एकच. तो अर्धा बाहेरच चालत होता, अदबीनं. "भिजताय कशाला? या आत, चावत नाही मी," ती शेवटी वैतागून म्हणाली. तो आत आला. घर येईपर्यंत छत्री त्याच्याच हातात आली होती.

ऑर्विलनं त्याला दारातच ओळखलं. "ये पोरा," एवढंच म्हणाला. बंदुकीपेक्षा ते वाईट होतं.

"आजोबा, याला ते पुस्तक बघायचंय. तुमचं नाणंही काढा."

"काही गरज नाही."

"अहो, पण हा स्वतः म्हणतोय चुकलो म्हणून!"

"काही गरज नाही म्हटलं ना!" म्हाताऱ्याचा आवाज चढला आणि लगेच फाटला. कपाटभर पुस्तकं समोर होती, सगळी सोन्याच्या नाण्यांवरची, त्यानं उभ्या आयुष्यात जमवलेली. "लोकांना सांगत आलो, आधी पुस्तक मग नाणं. माझं नाणं मात्र आधी आलं. आयव्हीनं दिलं. गावातल्या प्रत्येकाचं नाणं मी या पुस्तकात ताडून दिलं, लोरेना. माझं कधीच ताडलं नाही. बायकोचा शब्द का कुणी पुस्तकात बघतो? आणि आता कालपासून बघावंसं वाटतंय, पण हिंमत होत नाही. पुस्तकानंही नाही म्हटलं तर? मग मी काय करू?"

लोरेनाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती त्याच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसली. "आणि नाही बघितलं तर? रोज रात्री आजीला मनातल्या मनात खोटं म्हणत झोपणार? तसं करू नका ना हो आजोबा. ती माझीही आजी होती."

मग म्हाताऱ्यानं कोटाच्या खिशातून नाणं काढलं आणि न बघताच टेबलावर ठेवलं.

लोरेनानं कपाटातून पुस्तक काढलं आणि एमेटनं ते उघडलं. पान सापडलं. नाण्याचा फोटो पानभर मोठा होता. "अक्षर डावीकडं झुकलेलं," तो वाचू लागला. "बरोबर. हेही झुकलंय. पण झुकलेलं अक्षर चोरही चिकटवू शकतो... थांबा. इथं लिहिलंय, हे नाणं पाडायचा ठसा पुढं तडकला. कडेपासून एक बारीक रेघ निघते आणि अक्षरावरून थेट गरुडाच्या पंजातल्या फांदीपर्यंत जाते."

"म्हणजे?" लोरेनानं विचारलं.

"ठशाला तडा गेला की प्रत्येक नाण्यावर ती रेघ उमटते. सलग. अक्षर मागाहून चिकटवलं असेल, तर रेघ त्याच्यावरून जाणारच नाही." त्यानं भिंग डोळ्याला लावलं. नाणं फिरवलं. पुन्हा फिरवलं. "दिसत नाही."

म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले.

"मळ बसलाय त्यावर, म्हणून!" लोरेना कळवळून म्हणाली आणि तिनं नाणं उचलून स्वेटरच्या बाहीत धरलं. "जरा पुसलं की—"

"पुसू नकोस!" दोघं पुरुष एकदमच ओरडले. ऑर्विल तर खुर्चीतून अर्धा उठलाच. घासलेलं नाणं म्हणजे मेलेलं नाणं, हे तिला पाळण्यात असल्यापासून ऐकवलेलं, आणि आज नेमकी तीच विसरली होती.

"तुम्हा लोकांचं म्हणजे ना..." ती पुटपुटली आणि नाणं कडेनं धरून तिनं परत दिलं.

"दिवा," एमेट म्हणाला. "छोटा दिवा आणा. बाजूनं धरा, वरून नको."

लोरेनानं टेबलावरचा दिवा उचलून आडवा धरला. उजेड नाण्यावर एका जागी ठरेना. त्यानं आपला हात तिच्या मनगटाखाली दिला, आधाराला. त्याची बोटं गार पडली होती. नाणं अगदी हळू, केसाएवढं कललं... आणि त्याचा श्वास अडकला.

"आहे," तो कुजबुजला. मग मोठ्यानं, "आहे! कडेपासून निघाली, अक्षरावर चढली, पलीकडं उतरली, फांदीला भिडली! सलग आहे, साहेब! मधे कुठं तुटलीच नाही! नाणं खणखणीत आहे, इथलंच आहे, तुमच्या मिसेस खरं बोलत होत्या. मी गाढव आहे!"

ऑर्विलनं भिंग ओढून घेतलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी तो किती वेळ बघत होता कुणास ठाऊक. मग त्यानं खुर्ची फिरवली, आयव्हीच्या रिकाम्या खुर्चीकडं तोंड केलं, आणि लहान पोरासारखा हसत हसत रडायला लागला. "सांगितलं होतंस हं तू," तो म्हणत होता. "सांगितलं होतंस मला, आयव्ही."

लोरेनाचा जीव भांड्यात पडला. इतका, की दिवा कुठं ठेवावा तेही तिला कळेना. एमेटनंच तो तिच्या हातून काढून घेतला. तिचं मनगट मात्र सोडायला विसरला, आणि तिनंही आठवण करून दिली नाही.

मग म्हाताऱ्याला भूक लागली. अशी तशी नाही, दोन दिवसांची! लोरेनानं कोंबडीचा रस्सा गरम केला, पावासारखी मऊ बिस्किटं भाजली, कालचे उकडलेले शेंगदाणे काढले. ऑर्विलनं तीनदा वाढून घेतलं आणि प्रत्येक घासाला एमेटला टोमणा मारला. "तज्ज्ञ म्हणे! पोरा, गरुडाची मान बघतोस, माणसाची बघायला शीक. तुझी सारखी डावीकडंच वळतेय." डावीकडं लोरेना बसली होती. तिचे कान लाल झाले.

"सोमवारी आमच्या नाणी तपासणाऱ्या कंपनीत लेखी कळवतो, मी चुकलो म्हणून," निघताना एमेट म्हणाला. "आणि त्या सभागृहातल्या सगळ्यांना."

"कळव हो. चूक कबूल करायला छाती लागते." ऑर्विल कपाटाकडं गेला आणि त्यानं ते पुस्तक काढून एमेटच्या हातात ठेवलं. "घेऊन जा. नीट वाच."

लोरेना आ वासून बघत राहिली. अख्ख्या डलॉनिगाला ठाऊक होतं, ऑर्विल सॅटरफील्ड एकवेळ मूत्रपिंड काढून देईल, पण पुस्तक घराबाहेर देणार नाही. पाद्रीबाबांनी मागितलं तरी नाही म्हणाला होता. म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघून साळसूदपणे डोळा मिचकावला आणि दार लोटून घेतलं.

पाऊस थांबला होता. पडवीत दोघंच. पायरीवर ओली पानं चिकटली होती.

"बस गेली असेल तुझी," लोरेना म्हणाली. अहोजाहो कधी गळून पडलं, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"सातला अजून एक आहे."

"मग... पोचेपर्यंत वाचून होईल अर्धं."

त्यानं हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "खरं सांगू? मला जे बघायचं होतं ते बघून झालं. हे आता वाचायला नकोय मला."

"मग नेतोयस कशाला?"

एमेट पायरी उतरला, थांबला, मागं वळला. एका गालाला खळी पडली.

"परत आणायला."