बारावा होकार

अकरा वाजायला अजून तासभर आहे. श्रेया, शिवम, बसा इथंच जनरेटरच्या कट्ट्यावर. आत्तापासून वर सर्व्हर रूममध्ये जाऊन काकडायचं काय काम? ओपीडी बंद झाली, कॅन्टीनवाल्यानं शटर ओढलं. आता जागे म्हणजे आयसीयूवाले आणि आपण. चहा घ्या. आज तुम्ही वरचं सॉफ्टवेअर नवं करणार आहात म्हणून सांगतो, नाहीतर मी हे कुणाला सांगत नाही.

तुमच्या आधी इथं सत्यम होता. फुलंब्रीचा. घरची बागायत, चुलते दवाखान्याच्या ट्रस्टवर. आणि त्याच्यासोबत होता राजकुमार, लीलाबाईचा एकुलता एक. आईनं लोकांचे ब्लाऊज शिवून त्याला इंजिनियर केलेला. दोघं कॉलेजपासूनचे. लीलाबाईनं दिलेली भाकरी आणि ठेचा आधी सत्यम खायचा, उरेल ते राजकुमार. सख्ख्या भावापेक्षा जवळचा आहे, असं सत्यमच सगळ्यांना सांगत फिरायचा. नाव सत्यम, बरं का! पुढं ऐका.

त्या रात्री जे झालं ते सत्यमनं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं. याच कट्ट्यावर, तू बसलायस ना शिवम, तिथं बसून.

वर ते काळं मशीन आहे, कपाटाएवढं. मशीन एक, पण त्याच्या पोटात सर्व्हर बारा. हाताला लागत नाहीत, डोळ्याला दिसत नाहीत, आणि सगळा दवाखाना चालवतात. तुम्ही त्यांना व्हर्च्युअल म्हणता. मी वायरमन माणूस, भुतं म्हणायचो. राजकुमार हसायचा. म्हणायचा, "काका, भुतंच ती. पण तुमच्यापेक्षा लई गुणी. चहाला म्हणून उठत नायत."

त्याचा एक नियम होता. मशीनवर काहीही करायचं असलं, की एकानं ते मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्यानं ऐकायचं, तपासायचं आणि "व्हय" म्हणायचं. मगच बटण. दुसरा बाहेरगावी असला तर फोनवर. पण "व्हय" आल्याशिवाय बोट खाली जायचं नाही. मला हसू यायचं त्याचं. दोन शिकलेली पोरं आणि शाळेतल्यासारखी हजेरी देतायत. पण तीन वर्षांत त्यांच्या हातून एक चूक झाली नव्हती.

मग आला २०२२ चा मे. त्या रात्रीही असंच सॉफ्टवेअर नवं करायचं होतं. सत्यमच्या चुलतबहिणीची हळद होती गावाकडं. जायच्या आधी त्यानं मशीनची जुनी प्रत काढून ठेवायची होती, म्हणजे काम फसलं तर परत फिरायला वाट राहते. ते काम त्याचंच. पण हा पठ्ठ्या गुलमंडीत कपडे घ्यायला गेला आणि तिथून परस्पर फुलंब्रीला. रात्री अकरा चाळीसला राजकुमारनं त्याला फोन लावला.

"सत्या, जुनी प्रत काढली का?"

मागं डीजे धडधडत होता. सत्यम ओरडून म्हणाला, "व्हय! काढली. दाब."

राजकुमारनं दाबलं. प्रत काढलेलीच नव्हती. अकरा सर्व्हर कसेबसे उठले. बारावा, पेशंटच्या फायलींचा, तो उठलाच नाही. नऊ वर्षांच्या फायली एका रात्रीत गेल्या.

चौकशी बसली. सत्यम धुतल्या तांदळासारखा उभा. "फोन आला होता साहेब, पण मी थांब म्हणालो. हा थांबला नाय." राजकुमार म्हणाला, "यानं व्हय म्हटलं. म्हणून दाबलं." साहेबांनी विचारलं, कुणी ऐकलं का? ऐकलेलं कुणी निघालं नाही. राजकुमारला घरी बसवलं. शहरात त्याला कुणी काम देईना. जिथं जाईल तिथं आधी हीच बातमी पोचलेली. शेवटी तो फर्दापूरला एका हॉटेलात बिलं काढायला लागला. इंजिनियर माणूस. २०२३ च्या जानेवारीत, धुक्यात, मोटरसायकलवरून येत होता. फुलंब्रीच्या अलीकडं ट्रकनं उडवलं.

त्याच्या मयताला सत्यम आला नाही.

आता ती रात्र. १० डिसेंबर २०२४, मंगळवार. पुन्हा सॉफ्टवेअर नवं करायची वेळ आली. राजकुमारनंतर सत्यम एकटाच काम करायचा. वाचणं नाही, व्हय नाही. साध्या कामाला निघाल्यासारखा दहाला वर गेला. थर्मास भरून घेतला, दाराला आतून कडी लावली. या वेळी जुनी प्रत मात्र काढून ठेवली होती. एकेक करून बारा सर्व्हर बंद केले. सव्वाअकराला नवं सॉफ्टवेअर चढलं. आरामात झालं, म्हणाला. मग पहिला सर्व्हर चालू करायला गेला.

उठला नाही.

दुसरा. नाही. तिसरा. नाही. बाराच्या बारा मेल्यासारखे. सहज म्हणून घड्याळात पाहिलं तर अकरा चाळीस.

तेव्हा त्याला काही वाटलं नाही. काम करणारा माणूस, तुमच्यासारखाच. चुकीचा मजकूर वाचला. जुन्या सर्व्हरची ओळख नव्या सॉफ्टवेअरला पटत नाही, असं काहीतरी आलं होतं. त्यानं ती ओळख बदलली. उठेना. परत जुनी लावली. उठेना. काढून ठेवलेली प्रत चढवली. तीसुद्धा उठेना. आता त्याला घाम फुटला, त्या थंडीत. कारण सकाळी सातला सरूबाईचं ऑपरेशन होतं. फर्दापूरची म्हातारी, हृदयाचं काम. तिचे सगळे रिपोर्ट बाराव्या सर्व्हरमध्ये, आणि रिपोर्ट पाहिल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते. पुढं ढकलावं तर बाई टिकेल का नाही, ते सांगता येत नव्हतं.

एक वाजला. दोन वाजले. कंपनीच्या माणसाचा फोन बंद. तीनला याचं डोकं चालेनासं झालं. आणि झोपेच्या गुंगीत, जुन्या सवयीनं, तो मोठ्यानं वाचायला लागला.

"पहिला सर्व्हर. चालू करतो."

"व्हय."

पाठीमागून. एसीच्या आवाजात मिसळलेलं. हळू.

सत्यमनं बटण दाबलं. पहिला उठला.

मी त्याला विचारलं, "अरे, मागं वळून नाय पाहिलं?" तर म्हणाला, "काका, भ्या नाय वाटलं. खरं सांगू? बरं वाटलं. कुणीतरी संगं हाय असं वाटलं. आन काम व्हत व्हतं."

बघा, कसा माणूस. काम होत होतं ना. बाकी काही बघायची गरज नाही.

"दुसरा सर्व्हर. चालू करतो."

"व्हय."

उठला. तिसरा. चौथा. दर वेळी आवाज थोडा जवळ. सातव्याला तो खुर्चीमागून आला. आणि जरा वरून. माणूस उंचावर उभा असल्यासारखा. नवव्याला सत्यमच्या मानेवर गार लागलं.

अकरा उठले. पाच वाजून गेलेले.

"बारावा सर्व्हर... चालू करतो."

काही नाही.

"बारावा... चालू करतो."

एसी चालू. मागून व्हय नाही.

त्यानं तसंच बटण दाबलं. पडदा काळा. आणि टेबलावरचा त्याचा मोबाईल... बॅटरी संपून दोन तास झाले होते... त्यातून डीजे वाजायला लागला. लांबून. हळदीचा. धड... धड... धड...

मग पाठीमागून, अगदी कानापाशी.

"सत्या. जुनी प्रत काढली का?"

...

"व्हय," सत्यम म्हणाला.

तेव्हाही! पोरांनो, तेव्हाही त्याच्या तोंडून तेच आलं. खोट्याची जिभेला इतकी सवय लागते.

डीजे वाढला.

"जुनी प्रत काढली का?"

सत्यम रडायला लागला. टेबलावर डोकं ठेवलं.

"नाय. नाय काढली, राजा. तवा नाय काढली. मीच व्हय म्हणलो. मी खोटं बोललो साहेबांपुढं... नोकरी जाईल म्हणून..."

डीजे थांबला.

एसीही थांबला.

लई वेळ काहीच नाही...

"व्हय."

बारावा सर्व्हर उठला. सहाला दहा कमी होते. सरूबाईचं ऑपरेशन वेळेवर झालं. म्हातारी आजही फर्दापूरला चालती-फिरती आहे.

त्याच सकाळी सत्यम खाली आला, इथं बसला आणि मला सगळं सांगितलं. नंतर त्यानं साहेबांच्या टेबलावर सगळं खरं लिहून ठेवलं आणि नोकरी सोडली. दुपारी लीलाबाईच्या दारात जाऊन बसला. रात्र होईपर्यंत बसला. तिनं दार उघडलं नाही. बरोबर केलं तिनं.

पण सकाळी या कट्ट्यावरून उठता उठता त्यानं मला एक विचारलं होतं. "काका, एकच कळंना. तुमची शिडी तिथं कशी आली?"

"कुठली शिडी?"

"लाकडी, लाल टेप गुंडाळलेली. मी दहाला आत गेलो तवा नव्हती. दाराला आतून कडी. आन वळून पाहिलं तर माझ्या मागं, एसीखाली, उघडून उभी केलेली. वर कुणीच नव्हतं."

श्रेया, कप ठेव खाली. सांडेल.

त्या मेच्या रात्री सर्व्हर रूमचा एसी गळत होता. मी शिडीवर चढून तो बघत होतो. राजकुमारचे दोन्ही हात मशीनवर, म्हणून फोन स्पीकरवर होता. सत्यमचं "व्हय" मी ऐकलं. या कानांनी. डीजेसकट.

चौकशीत राजकुमारनं एक नाव सांगितलं होतं. माझं. मोतीरामकाका तिथंच होते, त्यांना विचारा, म्हणाला. किती विश्वासानं म्हणाला... मला बोलावलं. माझी पोरगी अमृता तेव्हा इथं नर्स म्हणून लागायची होती आणि तिचा अर्ज सत्यमच्या चुलत्यांच्या टेबलावर पडला होता. मी म्हणालो, "मी खाली जनरेटरपाशी होतो साहेब. माझी शिडी त्या रात्री स्टोअरमधून निघालीच नाय. कुलपात होती."

राजकुमार नुसता माझ्याकडं बघत राहिला. सत्यमनं दगा दिला तो लांबून, फोनवर. मी दिला तो समोर उभं राहून. आणि लीलाबाई मला अजून घरात घेते. चहा करते. माझ्या पोराला तुम्ही लई जीव लावला, म्हणते. तिला माहीत नाही. सत्यमलाही नाही. तुम्हीच पहिले.

त्या सकाळी सत्यम गेल्यावर मी स्टोअरकडं गेलो. कुलूप होतं. लावलेलं, जसंच्या तसं. किल्ली एकच आहे, आणि ती ही इथं, माझ्या करदोड्याला. आंघोळीलासुद्धा मी ती सोडत नाही.

कुलूप उघडलं. दिवा लावला.

शिडीची जागा रिकामी होती.