चाचणी, मिळाल्यास कळवा

सांगावा धाडिते, वाऱ्या थांब घडीभरी
बोलाचं पाखरू माझं बसलं ओठाच्या दारी…

जात्याची घरघर, आणि त्या घरघरीवर तरंगणारा आईचा आवाज. शिवकन्या तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. घोंगडीच्या उबेत डोळे मिटून ती ऐकत पडायची. पुढं गावात पिठाची गिरणी आली, जातं गोठ्यामागं गेलं, पण तो आवाज काही कानातून गेला नाही. आई, सत्यभामा, दिवसभर कुणाशी चार शब्द जास्तीचे बोलायची नाही. मनातलं सगळं जात्याला सांगून मोकळी व्हायची. लेकही तशीच निघाली, मुकी मुकी. फक्त लेकीच्या वाट्याला जातं नव्हतं.

म्हणून तर त्या दिवशी पाटोद्याच्या दुकानात ती इतकी कशी बोलली, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

गेली होती झेरॉक्स काढायला. वस्तीवरच्या मेंढपाळ बायकांचा घोंगड्यांचा गट होता. बाया लोकर कातायच्या, घोंगडी विणून घ्यायच्या, आणि पदवी झालेली शिवकन्या त्यांची सचिव. प्रत्येक घोंगडीला बांधायची चिठ्ठी तिनं हातानं लिहून, वर घोंगडीचा फोटो चिकटवून आणली होती. काउंटरमागच्या पोरानं ती काचेवर ठेवली… आणि परत उचलून वाचली.

"हा मेलचा पत्ता हाय का गाडीचा नंबर?"

खाली लिहिलेला पत्ता फुकटातला होता. तिच्या नावापुढं सात आकडे.

"तुमाला झेरॉक्स काढायची का परीक्षा घ्यायची?" शिवकन्या म्हणाली.

"घोंगडी एवढी देखणी, अन् पत्ता असला! पुण्यातलं गिऱ्हाईक म्हणंल, फसवणारे दिसत्यात." त्यानं चिठ्ठीवरचा फोटो बोटानं हळूच पुसला, जणू त्यावर धूळ होती. "गटाच्या नावाचं डोमेन घ्या. होस्टिंग घ्या, म्हणजे नेटवर भाड्याची जागा. त्याच्यावर पाच मेलपेट्या मिळत्यात. एकेक बाईच्या नावानं पत्ता. कसं भारी दिसंल!"

"अन् ते करून कोण देणार?"

"मीच की." मग जरा थांबून, "मी… रामेश्वर. नांदूरघाटचा. इथं दोन वर्षं झाली."

"मी नाव पुसलं न्हाई."

"मेलला लागतंय," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

बाहेर बाजार भरला होता. आभाळ उगाचच दोन थेंब टाकून गेलं. शिवकन्या झेरॉक्स पदराखाली धरून निघाली, आणि जीपमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं… आपण हसतोय.

*

आठ दिवसांनी रामेश्वर लॅपटॉप घेऊन वस्तीवर आला. समाजमंदिराच्या ओट्यावर सतरंजी पडली, बाया गोल बसल्या. डोमेन झालं होतं: माळघोंगडी. आता पेट्या उघडायच्या. एक ऑर्डरची, एक सचिवाची, एक अध्यक्ष सत्यभामाबाईंची, एक खजिनदार विमलबाईंची. पाचवी त्यानं स्वतःच्या नावाची उघडली. "बिघाड झाला तर बघायला लागंल," असं म्हणाला.

"मावशी, पूर्ण नाव सांगा. मालकाच्या नावासकट."

सत्यभामाबाईंनी पदर ओठावर घेतला.

"मावशी?"

"अवो, असं कसं सांगावं नाव?" विमलबाई खुसखुसली. "बाईमाणूस घ्यायलंय का कदी नवऱ्याचं नाव सरळ?"

रामेश्वरनं असहाय होऊन शिवकन्याकडं पाहिलं. ती मुद्दाम आभाळाकडं पाहत होती. शेवटी सत्यभामाबाईंनी घसा साफ केला. आयुष्यात कधी चारचौघांत न बोलणारी ती बाई, पण मशीन थांबलंय म्हटल्यावर काय करणार!

"चुलीवरच्या दुधाला आली बारीक साय,
नाथारावांचं नाव घेते, अजून पुसायचं काय?"

ओटा हसून हसून फुटायची वेळ आली. रामेश्वरनं गंभीरपणे चौकटीत 'नाथा' भरलं. "असला फॉर्म मी जन्मात भरला न्हाई," तो पुटपुटला.

मग पासवर्ड. मग कुलूप कसं लावायचं, कसं उघडायचं. मग शिवकन्यानं सगळ्यांना बजावलं, "दुसऱ्याची मेल वाचायची न्हाई. चुकून आली तरी न्हाई. चिठ्ठी ज्याच्या नावाची, त्याचीच."

"लई कडक हायत सचिव," रामेश्वर म्हणाला.

"कामात हाय."

"अन् एरवी?"

ती सतरंजी झटकायला लागली. इतकी जोरात, की सगळी धूळ त्याच्याच अंगावर गेली.

जाता जाता त्यानं तिला होस्टिंगचं पान दाखवलं. पेटी कशी उघडायची, भरली तर जागा कशी वाढवायची, पासवर्ड कसा बदलायचा. "अन् हे बघा. आपल्या डोमेनवर पत्ता हाय पण पेटीच न्हाई, अशी एखादी मेल आली, तर ती वाया जायची न्हाई. ती तुमच्या पेटीत पडंल. बेवारस सगळं तुमच्याकडं."

"माझ्याकडंच कावून?"

"तुमी सांभाळता," तो म्हणाला.

त्याच सांजेला फोन टिणटिणला. रामेश्वरच्या पत्त्यावरून पहिली मेल. *चाचणी. मिळाल्यास कळवा.*

*मिळाली,* तिनं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी *चाचणी क्रमांक दोन. मिळाल्यास कळवा. आज पाटोद्यात थंडी लई हाय.*

*मिळाली. इथंबी हाय.*

*चाचणी क्रमांक सात. मिळाल्यास कळवा. तुमच्याकडचा हुरडा आला का?*

*मिळाला. म्हणजे चाचणी मिळाली. हुरडा आठ दिवसांनी.*

*चाचणी क्रमांक बारा. काल बाजारात हिरवी साडी दिसली. तुमी होता का?*

*मिळाली. मीच होते. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून आले न्हाई.*

*चाचणी क्रमांक तेरा. उद्यापासून गिऱ्हाईक बंद.*

मेंढरं परतायच्या वेळेला ती कुडाच्या बांबूला टेकून उभी राहायची, हातात फोन. आई म्हणायची, "मशीन अजून नीट चालंना का गं? रोज तपासायलंय ते पोरगं."

"बारीक बारीक बिघाड असत्यात, आई."

"हं," आई म्हणायची. तेवढंच.

*

एकोणीस चाचण्या झाल्या, आणि सारजाबाई रुसल्या.

सारजाबाई गटातल्या सगळ्यांत थोर. त्यांच्याइतका बारीक धागा पंचक्रोशीत कुणी कातत नव्हतं. एक दिवस पाटोद्याला जाऊन त्या थेट रामेश्वरच्या काउंटरपुढं उभ्या राहिल्या. शिवकन्या मागं होतीच.

"विमलला पेटी. सत्यभामेला पेटी. धागा माजा, अन् मलाच पेटी न्हाई?"

"मावशी, पाचच मिळत्यात. संपल्या."

"मंग पाचवी कुणाची?"

रामेश्वर घुटमळला. शिवकन्यानं मान खाली घातली.

"माझी," तो म्हणाला.

"तुला कशाला रे? तू कातितो का?"

त्यानं हसत हसत स्वतःची पेटी पुसली आणि त्या जागी सारजाबाईंची उघडली. त्यांनीही लगेच हात जोडून, डोळे मिटून नाव घेतलं:

"मेंढ्या चरल्या माळाला, कुत्रं बसलं दारी,
अजिनाथरावांचं नाव घेते कांपुटरच्या शेजारी!"

रस्त्यावरची माणसं थांबून हसली. सारजाबाई नव्या नवरीसारख्या मिरवत जीपमध्ये बसल्या.

त्या सांजेला चाचणी आली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. पेटीच नाही, तर चाचणी कसली! त्याच्याजवळ दुसरा पत्ता होता, तिचा फोन नंबर होता… पण नुसतं 'थंडी हाय' लिहायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं, आणि ते निमित्त सारजाबाई घेऊन गेल्या होत्या. शिवकन्या कुडाला टेकून उभी राहायची. पेटीत ऑर्डरी येत होत्या. पुण्याहून, नगरहून. गट आनंदात होता. आणि ती? तिला पहिल्यांदा कळलं, मिळाली असं लिहायला मिळणं हीसुद्धा केवढी चैन असते.

मग मंगळवारी दुपारी फोन वाजला. पेटीत एक मेल, आणि पत्त्याच्या जागी त्याचं नाव. रामेश्वर. तिचं काळीज लाह्यांसारखं उडालं.

पण ती मेल त्याची नव्हती. त्याला आलेली होती. पुण्याच्या एका होस्टिंग कंपनीकडून. पेटी नवी होती तेव्हाच त्यानं नोकरीसाठी अर्ज केला होता, आणि आपलं काम दिसावं म्हणून त्यावर माळघोंगडीवरचा पत्ता दिला होता. पेटी पुसताना ते त्याच्या ध्यानातही राहिलं नसावं. बेवारस झालेली मेल ठरल्याप्रमाणं तिच्याकडं आली होती.

*आपली निवड झाली आहे. सोमवारी रुजू व्हावे. शुक्रवारपर्यंत होकार कळवावा, अन्यथा…*

तिनं पुढं वाचलंच नाही. फोन पालथा ठेवला.

बुधवारी ती पाटोद्याला गेली. सांगायलाच गेली होती. रामेश्वरनं स्टूल पुढं केलं, चहा मागवला.

"तुमी उदास दिसायलात."

"न्हाई तर." तिनं बशी फिरवली. "तुमी… पुण्याला कदी गेलतात का?"

"दोनदा गेलतो. लई मोठं हाय. तिथल्या कंपनीत काम मिळावं असं वाटतंय, लहानपणापासून." तो हसला. "अर्ज केला होता एक. बोलवणं काय आलं न्हाई. जाऊ द्या."

आता सांग… आता. चहावर साय आली. ती उठली, "जीप जाईल," म्हणाली आणि निघून आली. सांगितलं तर तो जाणार. न सांगितलं तर आपण चोर. त्या दोन्हींच्या मधोमध ती जीपमध्ये बसून राहिली.

*

गुरुवारी ऊन कलायच्या आधी सारजाबाई धापा टाकत तिच्या दारात आल्या. हातात नातवाचा फोन.

"हे बघ, शिवकन्या. माज्या पेटीत विमलची चिठ्ठी आलीया."

"तुमाला वाचता येत न्हाई, मग विमलकाकूंची कशावरून?"

"घोंगडं तिचं हाय त्या फोटूत. काठ मी वळखते." त्या उंबऱ्यावर बसल्या. "तिच्याकडं धाड लवकर. सांज होईल."

"उद्या धाडली तर न्हाई का चालणार?"

सारजाबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं, की शिवकन्याला पायाखालची माती दिसली.

"अगं, धनगराची लेक ना तू? दुसऱ्याचं मेंढरू आपल्या कळपात आलं, तर कानाची खूण बघून दिवस बुडायच्या आत सोडून येतो आपण. तेवढ्यासाठी तुजा बा दोन दोन कोस चाललाय. रात ठेवलं की मग ती चोरी. इसरलीस व्हय?"

शिवकन्यानं विमलबाईंची मेल विमलबाईंना धाडली. मग चपला घातल्या.

"कुठं निघालीस?"

"एक मेंढरू सोडायचं राहिलंय, मावशी."

दोन राती होऊन गेल्या होत्या. पण तिसरी होऊ द्यायची नव्हती.

पाटोद्यात उतरली तेव्हा सूर्य बसस्थानकाच्या छपराला टेकला होता. रामेश्वर दुकानाबाहेरचा बोर्ड आत घेत होता. तिला पाहून बोर्ड तसाच धरून उभा राहिला.

"तुमची मेल आली," ती एका दमात म्हणाली. "पुण्याची. मंगळवारी. तुमची पेटी न्हाई म्हणून माझ्यात पडली. मी वाचली. अर्धी. आणि दाबून ठेवली. काल चहा पिला तेव्हाबी माझ्याजवळच होती."

तिनं फोन पुढं केला. त्यानं बोर्ड भिंतीला लावला, आणि उभ्यानंच वाचायला लागला. ती त्याचं तोंड बघत राहिली. भुवई वर गेली. ओठ हलले. मग त्यानं परत पहिल्यापासून वाचलं.

"अर्धीच वाचली?"

"सोमवार आला, तिथं बंद केली."

"खाली लिहिलंय… पहिले सहा महिने पुण्यात. नंतर गावाकडून काम केलं तर चालतंय." बोलता बोलता तो हसत होता. "सहा महिने, शिवकन्या."

नावापुढं काही न लावता त्यानं पहिल्यांदाच हाक मारली होती. तिला ते ऐकू आलं. त्यालाही आलं.

"आधी होकार धाडा," ती म्हणाली. "उद्याची वाट बघू नका. मी चुकले. रागवा हवं तर."

तो स्टुलावर बसला, तिच्याच फोनवरून होकार लिहिला, तिला दाखवला आणि धाडला. मग फोन परत दिला नाही. तसाच हातात धरून बसला.

"मी गेल्यावर मेलचं कोण बघंल?"

"मला येतंय सगळं. पेट्या उघडते, पासवर्ड बदलते. त्याच्यासाठी थांबायची गरज न्हाई."

"मग एक सांगा." तो खाली बघत होता. "दुसऱ्याची मेल वाचायची न्हाई म्हणून सगळ्या बायांना दम देणारी सचिव… तिनं माझी मेल दोन दिवस दाबली. कावून?"

रस्त्यानं एक मेंढरांचा कळप चालला होता, घंटा वाजत होत्या. शिवकन्यानं तो पुढं जाऊ दिला. शेवटची मेंढी वळणाआड गेली, धूळ खाली बसली. तो अजून वाट बघत होता. पदराचं टोक बोटाला गुंडाळून झालं, सोडून झालं. आता गुंडाळायला काही उरलं नाही.

"कारण तुमची चाचणी येईना झाली," ती म्हणाली, "अन् मला इथं काहीच गोड लागंना. त्यात तुमी पुण्याला गेलात तर… मला तुमी आवडता, रामेश्वर. लई दिवसांपासून. पहिल्या चाचणीच्याबी आधीपासून."